मूळ क्लच आणि वाढीव इंजिनशक्ती : औरंगाबाद परिसराच्या मोटार-इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, पाणी, भांडवल आणि कामगार या अंगांनी झाले आहे. ज्या यंत्रांच्या आधारे या प्रदेशातील माणसे आणि माल हलला, त्या यंत्रांच्या अंतर्भागाकडे इतिहासाचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत लेखात मोटारीच्या एका लहान भागाचा, म्हणजे पायाने दाबावयाच्या क्लचचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. कारखान्यातून आलेला मूळ क्लच वाढवलेली इंजिनशक्ती पेलू शकतो काय, हा प्रश्न वरवर केवळ कारागिराचा वाटतो. परंतु तो ज्या परिस्थितीत विचारला गेला आणि त्याला जी उत्तरे मिळाली, त्यांतून या प्रदेशातील वाहतुकीचे अर्थकारण स्पष्ट होते.

या विचारासाठी उस्मानपुऱ्याचे स्थान सोयीचे आहे. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराचा हा भाग रेल्वे स्थानकाच्या वाटेवर आहे. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन याच परिसरात आहेत. स्थानकालगतची जुनी औद्योगिक वसाहत जवळ, पूर्वेस चिकलठाणा व त्यापलीकडे शेंद्रा, पश्चिमेस वाळूज. यंत्राचे शिक्षण आणि यंत्राचे उत्पादन यांच्या मध्यावर ही वस्ती उभी आहे.

लेखाचे प्रतिपादन असे : क्लचची क्षमता ठरवताना निर्माता इंजिनाच्या गरजेपेक्षा काही राखीव क्षमता ठेवतो. मराठवाड्यात ही राखीव क्षमता इंजिनाची शक्ती वाढण्याच्या कितीतरी आधी ओझे, चढण आणि काटकसर यांनी खर्च करून टाकली होती. त्यामुळे मूळ क्लच किती शक्ती पेलेल, या प्रश्नाआधी त्याच्यात शिल्लक काय उरले आहे, हे विचारावे लागते.

चामड्यापासून पोलादी पाकळीपर्यंत

आरंभीच्या मोटारींत शंकूच्या आकाराचा, चामडे लावलेला क्लच असे. तो तेलाने निसटे आणि कोरडा पडला की झटक्याने पकडे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने १८९७ पासून घर्षणासाठी खास अस्तरे तयार करण्यास प्रारंभ केला. फेरोडो हे नाव त्याच्याच उद्योगाचे. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या विणीची अस्तरे आली आणि दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली एकच कोरडी प्लेट, ती फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि तिच्यामागे गोलाकार मांडलेल्या स्प्रिंगा, अशी रचना १९२० च्या दशकापासून रूढ होत गेली.

याच काळात हैदराबाद संस्थानात मोटार वाहतुकीला सरकारी रूप आले. मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे शतकाच्या संधिकाळात सुरू झालेली होती. संस्थानाने १९३० साली रेल्वे स्वतःकडे घेतली आणि जून १९३२ मध्ये तिच्याच छत्राखाली रस्ता वाहतूक विभाग उघडला. आरंभी गाड्या होत्या २७ आणि कर्मचारी १६६. त्या गाड्यांत ब्रिटिश बनावटीच्या अल्बियन बस प्रसिद्ध आहेत. रेल्वेच्या शिस्तीत वाढलेल्या या विभागाला इंजिनाची शक्ती वाढवण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील राज्य परिवहन मुंबई राज्याकडे आले आणि १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाले. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्यास झाली, ही बाब स्थानिक कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्प्रिंगांची गोलाकार मांडणी असलेल्या क्लचमध्ये एक मूलभूत उणीव होती. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट पुढे सरके, स्प्रिंगा सैल पडत आणि दाब कमी होई. म्हणजे जुना होत जाणारा क्लच दुहेरी दुबळा होत असे. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या डायफ्राम स्प्रिंगने, म्हणजे पाकळ्या पाडलेल्या पोलादी तबकडीने, ही उणीव बरीच दूर केली. तिचा दाब अस्तराच्या झिजेबरोबर लगेच घटत नाही, काही मर्यादेपर्यंत तो वाढतोही.

टॉर्क आणि अश्वशक्ती यांची गल्लत

गॅरेजमधील चर्चेत आणि जाहिरातीत इंजिनाचे मोठेपण अश्वशक्तीत सांगितले जाते. क्लचला मात्र अश्वशक्ती समजत नाही. त्याला फक्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ठाऊक असतो. अश्वशक्ती ही टॉर्क आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारातून येते. तोच टॉर्क अधिक गतीला टिकवला तर अश्वशक्ती वाढते, पण पकडून धरण्याचे क्लचचे काम तेवढेच राहते.

एका प्लेटचा क्लच किती टॉर्क धरील, हे चार गोष्टींवर ठरते : घर्षणाचे पृष्ठभाग (एका प्लेटला दोन), घर्षणांक, दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. यांचा गुणाकार म्हणजे क्षमता. उदाहरणादाखल घर्षणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन आणि त्रिज्या ९५ मिलिमीटर धरल्यास क्षमता २८५ न्यूटन-मीटर येते. इंजिनाचा कमाल टॉर्क २१० असेल तर क्षमता गरजेच्या सुमारे १.३६ पट झाली. प्रवासी मोटारींसाठी अभियंते साधारणतः याच आसपासचे गुणक वापरतात, अवजड वाहनांसाठी ते अधिक असतात.

आता इंजिनाचा टॉर्क पाव हिस्सा वाढवला, तर तो सुमारे २६२ होईल. कागदावर क्लच अजूनही पुरेसा आहे. परंतु चढणीवर तापून घर्षणांक ०.२५ वर उतरला, तर क्षमता २३७ उरते. तो तापलेला क्लच मूळ इंजिनाला धरून ठेवतो आणि वाढीव इंजिनाखाली घसरतो. घसरला की आणखी तापतो, आणखी तापला की आणखी घसरतो. नवा असताना शहरातल्या सपाट रस्त्यावर दिलेला निर्वाळा कन्नडच्या औट्रम घाटात खोटा ठरतो, तो यामुळे.

जीप : ओझ्याचा इतिहास

मराठवाड्याच्या ग्रामीण वाहतुकीत जीपला जे स्थान मिळाले, ते अन्य कोणत्याही गाडीला मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे आणि सुमारे १४२ न्यूटन-मीटर टॉर्कचे होते. तिच्या क्लचची प्लेट आठ इंचांहून किंचित लहान होती. युद्धानंतर तीच जीप शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आली, तेव्हा इंजिन मूलतः तेच राहिले, पण प्लेट साडेआठ इंचांची झाली. हा तपशील पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे. शक्ती वाढली नसताना निर्मात्याने क्लच मोठा केला, कारण नांगर आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा क्लच रणांगणावरच्या गाडीपेक्षा अधिक वेळ घसरत सुटणार, हे त्याला कळले होते.

महिंद्र उद्योगाने १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी आरंभली. १९५३ मध्ये अमेरिकेत उंच बॉनेटची जीप आली. तिचे हरिकेन इंजिन ६० वरून ७० च्या पुढे गेले, पण टॉर्क १४२ वरून सुमारे १५५ एवढाच झाला. अश्वशक्तीतील वाढ वीस टक्क्यांच्या घरात, क्लचवरील भारातील वाढ दहा टक्क्यांच्या आत. हीच उंच बॉनेटची जीप भारतात पुढे कित्येक दशके बनत राहिली. शासकीय खाती, सहकारी साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार आणि अखेरीस खेड्यापाड्यांची प्रवासी वाहतूक, असा तिचा प्रवास आहे.

या शेवटच्या टप्प्यावर क्लचची खरी परीक्षा झाली. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये नियमाने बसतील त्याहून कितीतरी अधिक माणसे बसत, काही मागे लटकत. प्रवासी भरल्याने इंजिनाचा कमाल टॉर्क वाढत नाही. वाढते ती गाडी सुटताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता. सपाट रस्त्यावर गाडी सुटताना ही उष्णता ढोबळमानाने गाडीच्या वस्तुमानाच्या आणि क्लच पूर्ण पकडतो त्या वेळच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चालकासह १,३०० किलोची जीप प्रवाशांसह २,२०० किलोची झाली की उष्णता सुमारे १.७ पट. चालकाने पहिला गिअर वाचवून दुसऱ्यात गाडी उचलली, तर जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये तो वेग १.८ पट होतो आणि उष्णता सव्वातीन पटींच्या जवळ जाते. दोन्ही सवयी एकत्र आल्या की प्रत्येक थांब्यावर क्लच साडेपाच पट तापतो. खुलताबादच्या चढावर थांबून पुन्हा निघताना त्यात चढणीची भर पडते, ती वेगळीच.

इतके करून ती जीप धावत होती, याचे श्रेय निर्मात्याच्या राखीव क्षमतेला आणि स्थानिक कारागिराला समसमान दिले पाहिजे. झिजलेल्या प्लेटला नवे अस्तर रिबिट मारून बसवणे, फ्लायव्हील लेथवर घासून सपाट करणे, सैल स्प्रिंगांखाली वॉशर घालून दाब भरून काढणे, या युक्त्या छोट्या गॅरेजांत रुळल्या. त्यांचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि प्लेट उघडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवणारा पोरसवदा मदतनीस ती श्वासावाटे घेत असे. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली जगण्याच्या हक्काशी जोडला. तो निकाल कारखान्यांपुढे होता. रस्त्याकडेच्या गॅरेजला त्याचा आधार कितपत मिळाला, हे उघड आहे.

डिझेलची लाट

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेल तुलनेने स्वस्त राहिले. पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा देशभर पसरली. स्वतः निर्मातेही त्या दिशेला वळले. महिंद्रने आधी इंटरनॅशनल घराण्याचे आणि १९८० च्या दशकात प्यूजो घराण्याचे डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. अ‍ॅम्बेसेडरला १९८० च्या सुमारास १.५ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. त्याची शक्ती ३७ अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोलच्या अ‍ॅम्बेसेडरपेक्षा कमी.

शक्ती कमी झाली तर क्लच अधिक टिकावयास हवा, असा तर्क येथे फसतो. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो आणि तो ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक स्फोटाचा धक्का प्लेटच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या स्प्रिंगांना पचवावा लागतो. पेट्रोल इंजिनासाठी घडवलेली प्लेट डिझेलखाली गेली की अस्तर शाबूत असतानाही या स्प्रिंगा खिळखिळ्या होत वा मोडत. मूळ क्लच वाढीव शक्ती पेलतो का, या प्रश्नाला येथे वेगळे वळण लागते, कारण प्रश्न शक्तीच्या स्वभावाचा होतो. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचे १.८ लिटरचे ७५ अश्वशक्तीचे इंजिन दिले गेले, तेव्हा त्याच्यासोबत पाच गिअरची नवी पेटीही आली. कारखान्याने शक्तीसोबत तिच्यामागची यंत्रणा बदलली. गॅरेजने मात्र बहुधा इंजिनच बदलले.

क्लच बनवणारे शहर

ज्या शहरात क्लच असे जाळले गेले, त्याच शहरात ते बनूही लागले, हे या इतिहासातील एक लक्षणीय वळण आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत सीके डायकिन या कंपनीने क्लचचे उत्पादन केले. तिचा जपानी भागीदार म्हणजे क्लचनिर्मितीतील डायकिन. वातानुकूलन यंत्रांचा डायकिन तो वेगळा. त्या जपानी कंपनीने १९९५ मध्ये एक्सेडी हे नाव घेतले आणि चिकलठाण्याची कंपनीही पुढे एक्सेडी इंडिया झाली. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प सुरू झाला. दुचाकी आणि ऑटोरिक्षा यांचा क्लच तेलात बुडालेल्या अनेक लहान प्लेटांचा असतो. तेलामुळे घर्षणांक कमी, पण पृष्ठभाग अनेक आणि उष्णता वाहून नेण्याची सोय उत्तम. म्हणूनच गर्दीच्या रस्त्यावर दिवसभर हाफ क्लचवर चालणारी रिक्षा तग धरते. त्याची गणिते निराळी असल्याने येथे अधिक विस्तार केलेला नाही.

या कारखान्यांनी शहराला सुटे भाग दिले, तसेच मोजमापाची भाषाही दिली. प्लेटचा व्यास, दाब, अस्तराची जाडी हे शब्द वसाहतीत नोकरी करून आलेल्या कामगारांबरोबर गॅरेजांत शिरणे स्वाभाविक होते.

शेंद्र्याची ऑक्टेव्हिया

स्कोडा कंपनीने शेंद्रा येथे २००१ मध्ये ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली आणि प्रस्तुत प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला. तिच्या १.९ लिटर टर्बो डिझेल इंजिनाची शक्ती ९० अश्वशक्ती, कमाल टॉर्क २१० न्यूटन-मीटर. २००४ मध्ये आलेल्या १.८ लिटर टर्बो पेट्रोलच्या आरएस आवृत्तीची शक्ती १५० अश्वशक्ती, आणि कमाल टॉर्क पुन्हा २१०. एकीपेक्षा दुसरीची शक्ती दोन तृतीयांशांनी अधिक, तरी पकडीच्या दृष्टीने क्लचपुढचे काम सारखेच. अश्वशक्तीच्या आकड्यावरून क्लचचा अंदाज बांधणाऱ्यांना याहून नेमके उत्तर सापडणे कठीण. (दोन्ही गाड्यांना एकच प्लेट चालेल, असा याचा अर्थ नव्हे. डिझेलचे धक्के आणि पेट्रोलच्या अधिक फेऱ्या यांचे हिशेब वेगवेगळे.) २००५ मधील लॉराने तोच १.९ लिटरचा आकार राखून १०५ अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर दिले. अश्वशक्ती सहाव्या हिश्शाने वाढली, टॉर्क जवळपास पाचव्या हिश्शाने. येथे क्लचवरील भार शक्तीपेक्षा वेगाने वाढलेला आहे.

टर्बो इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर शक्ती वाढवण्यासाठी हत्यारांची गरज उरली नाही. नियंत्रकातील आकडे बदलले की टर्बोचा दाब आणि इंधन वाढते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात या उपायाने फारसे काही हाती लागत नाही. टर्बो डिझेलमध्ये मात्र वाढ ठळक असते, आणि ती मधल्या व खालच्या फेऱ्यांवर, म्हणजे नेमकी टॉर्कच्या रूपाने येते. अशा गाडीचा क्लच चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, मंद वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबताच प्रथम घसरतो. फेऱ्यांचा काटा उसळी घेतो, वेगाचा काटा जागीच राहतो. पहिल्या गिअरमध्ये हे सहसा दिसत नाही, कारण तेथे गाडी हलकी वाटते आणि इंजिनाला पूर्ण जोर लावण्यास वेळच मिळत नाही. क्लच ठीक असल्याचा निर्वाळा पहिल्या दोन गिअरांवरून देणारा कारागीर चुकीच्या ठिकाणी पाहत असतो.

तेव्हा मूळ क्लच पेलतो का? नवा, न तापलेला, एकट्या चालकाच्या हातातला क्लच टॉर्कमधील दहा-पंधरा टक्क्यांची वाढ बहुधा निभावून नेतो. पाव हिश्शाची वाढ तो काही काळ सोसतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या, घाटात आणि गर्दीत मुरलेल्या क्लचबाबत असे आश्वासन देणे म्हणजे मालकाची फसवणूक होय. त्याची राखीव क्षमता आधीच दुसऱ्या खात्यात खर्ची पडलेली असते.

कठीण प्रेशर प्लेट बसवण्याचा उपायही निर्धोक नाही. घसरणारा क्लच एका अर्थाने यंत्रणेतील फ्यूज असतो. तो घसरेनासा झाला की तोच जोर गिअरपेटी, दुहेरी फ्लायव्हील आणि चाकांच्या शाफ्टवर जातो. वाढलेला दाब सोडवताना रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे थ्रस्ट बेअरिंग अधिक झिजते, आणि क्रांती चौकातील सिग्नलला दर वेळी तो दाब चालकाच्या डाव्या पायावर येतो. दाब न वाढवता अस्तराचा प्रकार किंवा व्यास बदलणे अधिक समंजस, परंतु मूळ आवरणात मोठ्या व्यासाला जागा असेलच असे नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. बदललेल्या इंजिनाची नोंद कागदावर दिसते. नियंत्रकातील बदललेले आकडे मात्र नोंदणीपुस्तकात कोठेही उमटत नाहीत.

साधनांविषयी

या इतिहासाची कागदपत्रे थोडी आहेत. गॅरेज हिशेब ठेवते, तपशील ठेवत नाही. परंतु काढून टाकलेली प्लेट हेही साधन आहे आणि ते वाचता येते. अस्तर सर्व बाजूंनी सारखे झिजून रिबिटांपर्यंत आले असेल, तर ती गाडी ओझ्याने आणि हाफ क्लचने संपली. अस्तर जाड असून त्यावर काचेसारखी चकाकी आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर इंजिनाचा जोर दाबापेक्षा वरचढ झाला होता. अस्तर शाबूत आणि मधल्या स्प्रिंगा मोडलेल्या, तर डिझेलचे ठोके किंवा खालच्या फेऱ्यांवर ओढलेले इंजिन. अस्तराला तेलाचा ओला वास असेल, तर दोष ना चालकाचा ना शक्तीचा, तो क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचा. भंगारात जाण्यापूर्वी अशी प्लेट गॅरेजच्या दाराशी आठ-पंधरा दिवस पडून असते.